सरावाची मुलं

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?" डॉक्टरने मान वर न करताच विचारलं.

ती तपासणीच्या टेबलावर बसून कपडे सावरत होती. डाव्या कुशीत गेले काही दिवस आग होत होती, कपडा लागला तरी जीव कळवळायचा, आणि आज सकाळी आरशात पाहिलं तर बरगडीच्या कडेने लाल पुरळाचा पट्टा उठलेला. डॉक्टर वयाने इतका लहान होता की कॉलेजात असता तर तिच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून जांभया देत असता. "आठवत नाही," ती म्हणाली.

"नागीण दिसते, ती कांजिण्या येऊन गेलेल्यालाच उठते. घरी विचारा कुणाला तरी. आई, मावशी, थोरली बहीण. बायकांना असलं सगळं बरोबर लक्षात असतं."

"विचारते," ती म्हणाली, आणि चिठ्ठी घेऊन बाहेर पडली.

विचारते म्हणाली खरी, पण कुणाला? औषधाच्या दुकानासमोर ती उभी राहिली आणि मनातल्या मनात माणसं चाळू लागली. शेजारच्या बाई तिला ओळखायच्या त्या केस पिकल्यापासून. कॉलेजातले सहकारी ओळखायचे ते नोकरी लागल्यापासून. जिच्याशी जरा मोकळं बोलता यायचं ती मैत्रीण कॉलेजात शिकतानाच्या वसतिगृहातली, म्हणजे तोवर हिला चष्मा लागून दोन वेण्यांची एक वेणी झालेली. त्याच्या मागे कुणीच नाही. ज्या अनाथाश्रमात ती वाढली तिथली थोरली माणसं एकेक करून गेली, बरोबरची मुलं चारी दिशांना पांगली. आपल्याला लहान असताना पाहिलेलं एकही माणूस आता हाताशी नाही, हे तिला भर रस्त्यात, दुपारच्या उन्हात, इतकं स्पष्ट कळलं की तिला एकदम भीती वाटली. विनाकारण, वेड्यासारखी भीती. म्हणजे आपण लहान होतो हे फक्त आपल्यालाच ठाऊक. उद्या आपणच विसरलो तर ते घडलंच नाही, असंच की. स्टाफरूममध्ये बायका आपल्या आयांना शिव्या घालत असतात, पन्नाशी आली तरी आमची आई चार लोकांत सांगत सुटते, ही लहानपणी माती खायची म्हणून. त्यावर सगळ्या हसतात, तीही हसते. आज तिला वाटलं, माती तरी खाल्ली होती का मी? कुणी सांगेल का?

आणि तेव्हा, गेला आठवडाभर जी गोष्ट तिने मनाच्या फळीवर अगदी वर, हात पोचणार नाही अशी ठेवून दिली होती ती खाली आली. एक माणूस होतं. आज दुपारीच कॉलेजात येणार होतं. संस्थेच्या वर्धापनदिनाला पहिल्या तुकडीची एक विद्यार्थिनी, आता निवृत्त मुख्याध्यापिका, पाहुणी म्हणून येणार असं प्राचार्यांनी जाहीर केलं, तेव्हा हिच्या हातातली बशी नुसती कलली होती. बाकी काही नाही. पाहुण्या बाई म्हणजे थरथर बाई, शिकाऊ असताना आश्रमातल्या मुलांना शिकवायला यायच्या त्या. त्यांनी तिला पाहिलं होतं, उचलून घेतलं होतं. त्या ओळखतील का? नुसतं एवढंच: हो, तू होतीस, आम्ही तुला पाहिलं आहे. याहून जास्त तिला काही नको होतं, आणि एवढं मागायलाही तिला लाज वाटत होती.

कॉलेजच्या फाटकापाशी विद्यार्थ्यांनी कागदी फुलं लावली होती. सभागृहात प्राचार्य भाषणाची तालीम करत होते, 'एका अनाथालयाच्या ओसाड भिंतींतून ज्ञानाचं हे मंदिर उभं राहिलं.' ती दारात क्षणभर थांबली. भिंती ओसाड कधी होत्या? त्या भिंतींच्या आत मुलं दाटीवाटीने झोपायची, एकमेकांच्या तोंडावर पाय टाकून. जिथे प्राचार्य उभे होते ती आश्रमाची जेवणाची जागा. ती स्वतः जिथे पद्धतीचा तास घेते, म्हणजे मास्तर-मास्तरणी होऊ घातलेल्यांना शिकवायचं कसं ते शिकवते, ती मुलींची निजायची खोली. तिची जागा खिडकीच्या खाली होती, आता तिथे नकाशांचं कपाट आहे. नोकरीच्या मुलाखतीला आली तेव्हा ती याच इमारतीत, याच पायऱ्या चढून आली, आणि समोर बसलेल्या मंडळींनी विचारलं, "आमच्या संस्थेविषयी काय माहिती आहे?" ती म्हणाली, "फारशी नाही." तेव्हा वाटलं होतं, पुढे कधी सांगू. मग ते पुढे पुढेच गेलं. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीवर वर्षांचे थर बसत गेले.

कॉलेज कसं निघालं याची खरी हकिकत फार साधी होती. आश्रम चालवणारे मोठे सर, त्यांच्याकडे इमारत होती, मुलं होती, पण शिक्षक टिकत नव्हते. दुसरीकडे जागा लागेपर्यंत मास्तर यायचे, एक दिवस विसरलेली टोपी आणायला निघाल्यासारखे जायचे आणि परत यायचे नाहीत. त्याच सुमारास गावातल्या काही शहाण्या मंडळींच्या मनात शिक्षक घडवायचे वर्ग काढायचे होते, आणि त्यांची अडचण नेमकी उलटी. शिकाऊ मास्तरांनी सराव करायचा कुणावर? शाळा दारात उभं करेनात. आमच्या पोरांवर हात बसवून घेणार का, आईबाप बोंब मारतील, म्हणायच्या. मोठ्या सरांच्या पोरांना आईबापच नव्हते. आंधळ्या-लंगड्याची जोडी जमली. वर्गांना इमारतीचा वरचा मजला मिळाला आणि आश्रमातल्या मुलांना दर आठवड्याला नवे कोरे शिक्षक. पुढे भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, तसं झालं. मोठी मुलं बाहेर पडत गेली, नवी घेईनात, एकेका निजायच्या खोलीत फळा लागत गेला. पण सुरुवात झाली ती अशी, मुलांच्या जिवावर. हे काही कुणी वाईट केलं असं तिला वाटत नसे. फक्त भाषणात मुलं कुठेच नसत, ओसाड भिंतीच असत, हे तिला खुपायचं.

सराव पाठ म्हणजे काय, हे ज्याच्यावर सराव झाला त्यालाच विचारावं. प्रत्येक शिकाऊ बाईने किंवा मास्तरने तोच पाठ घ्यायचा. पानांचे प्रकार चालू असले की पंधरवडाभर पानांचेच प्रकार. रोज कुणीतरी घाम पुसत यायचं, पिशवीतून तेच पिंपळाचं पान काढायचं आणि विचारायचं, "मुलांनो, ही काय गंमत आहे बरं?" पहिल्यांदा मुलं एका सुरात ओरडली होती, पान, पिंपळाचं, साधं, टोकाला निमुळतं, जाळीदार शिरा! पाठ सुरू व्हायच्या आत संपला. पान तसंच हातात धरून ती शिकाऊ बाई उभी राहिली, मागच्या बाकावरच्या निरीक्षकाने चष्म्यावरून पाहिलं, आणि बाई सगळ्यांसमोर रडली. संध्याकाळी मोठ्या सरांनी मुलांना अंगणात उभं केलं. ते कधी मारत नसत, त्या दिवशीही मारलं नाही. म्हणाले, "शिकवायला आलेल्याला शिकवू द्यावं. तुम्हाला येतं ते तुमच्यापाशी ठेवा." मुलांना ते लगेच कळलं. पोटासाठी जपून राहायची सवय असलेल्या मुलांना असलं काही समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवसापासून घंटेच्या आधी वाटप व्हायचं. वाटप करायची ती थोरली मुलगी, तिला सगळे मुकादम म्हणत. तू हात वर कर पण अर्धंच सांग. तू उत्तर बरोबर दे, पण उशिरा. तू खिडकीबाहेर बघ, म्हणजे त्यांना तुला दटावता येईल, निरीक्षक खूष होतो. आणि लिंबू, तुला येत नाही. लिंबू म्हणजे ती. सगळ्यांत लहान, खेळात कच्चं लिंबू, धावली तरी चालेल, बाद झाली तरी चालेल. वर्गात मात्र लिंबाला भाव होता, कारण प्रत्येक शिकाऊ बाईच्या पाठ टाचणात लिहिलेलं असायचं, मंद विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष. आणि एक मंद विद्यार्थी लागायचाच. तो नसेल तर पाठ फुकट.

हे काम तिला आवडायचं. आवडायचं म्हणजे ती त्याची वाट बघायची. कारण हुशार मुलांना शाबासकी मिळायची ती फळ्यापासून, लांबून. मंद मुलीकडे बाई चालत यायच्या. बाकापाशी ओणव्या व्हायच्या, पाठीवर हात ठेवायच्या, "बघ हं बाळ," म्हणायच्या, त्यांच्या अंगाचा साबणाचा वास यायचा. तेवढा वेळ जगात दुसरं कुणी नसायचं. मग ती हळूच समजल्यासारखं करायची. एकदम नाही; एकदम समजलं की हात लगेच निघून जायचा. आज इतक्या वर्षांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवते, मुलाच्या चेहऱ्यावर आकलन कसं उमटतं ते ओळखा, आधी भुवया, मग ओठ. विद्यार्थी ते लिहून घेतात. ते कुठून आलं हे सांगण्याची तिला कधी गरज वाटली नाही.

थरथर बाईचं खरं नाव मुलांना ठाऊक नव्हतं; ते तिने पुढे नोकरीत आल्यावर पहिल्या तुकडीच्या फोटोखाली वाचलं. फळ्यावर लिहिताना खडू टकटक वाजायचा इतका हात कापायचा, म्हणून थरथर. त्यांचा वार्षिक पाठ होता हातच्याच्या वजाबाकीचा. बाहेरून परीक्षक आले होते, कोटातले, पायावर पाय टाकून बसलेले. बावन्नातून सदतीस. थरथर बाईंच्या हातातून खडू दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडला तो मोडला, मुलंसुद्धा हसायची विसरली. त्या आता रडणार आणि नापास होणार, हे सगळ्या वर्गाला दिसत होतं. मुकादमने मागे वळून नुसत्या डोळ्यांनी खूण केली. तेव्हा लिंबू उठली आणि आपलं ठेवणीतलं चुकीचं उत्तर दिलं, "पंचवीस." सातातून दोन पाच, पाचातून तीन दोन. वरचा अंक लहान असला की पोरं खालच्यातूनच वजा करतात, ही चूक तिने घोटून घोटून तयार केली होती. थरथर बाईंच्या तोंडावर रंग आला. त्या आल्या, ओणव्या झाल्या, काडेपेट्यांतल्या काड्यांची जुडी सोडून दाखवली, शेजारच्या घरातून दहा उसने आणले. त्यांचा हात तिच्या पाठीवर होता आणि पाठीवर असताना तो थरथरत नव्हता. लिंबूने त्यांना पुरेपूर वेळ दिला. आधी भुवया, मग ओठ. "पंधरा!" परीक्षकाने पायावरचा पाय खाली घेतला.

पाठ संपल्यावर जिन्याखाली थरथर बाईंनी तिला उचलून घेतलं. रडत होत्या, हसत होत्या. म्हणाल्या, "सुट्टी लागली की मी येते तुला न्यायला. आमच्याकडे राहायचं. कायमचं राहायचं, कळलं?" तिने मान हलवली. सुट्टी लागली. ती रोज केस विंचरून, दुसरा फ्रॉक गुंडाळून जवळ घेऊन पायरीवर बसायची. मुलांनी आधी चिडवलं, मग चिडवायचं सोडलं, ते जास्त वाईट होतं. पुढे शाळा सुरू झाली, नवी तुकडी आली. ती रात्री अंथरुणात हिशेब करायची, आपलं काय चुकलं? पंधरा फार लवकर म्हणालो का? आपल्याला येतंय हे त्यांना कळलं असेल. येणाऱ्या मुलीला घरी नेऊन काय करायचं! म्हणून पुढची दोन वर्षं ती आणखी मन लावून मंद होत गेली. इतकी की वसतिगृहाच्या शाळेत पाठवलं तेव्हा तिथल्या बाईंना तिला कळतं हे कळायला बरेच दिवस लागले.

सभागृहात टाळ्या झाल्या. पाहुण्या बाई काठी टेकत उभ्या राहिल्या. केस पांढरेशुभ्र, पाठ वाकलेली, हात अजून कापत होता, आता वयाने. ती बाजूच्या भिंतीला टेकून उभी होती, कूस जळत होती. बाईंनी नमस्कार-चमत्कार आटोपले आणि म्हणाल्या, "मी आयुष्यभर शिक्षिका राहिले ती एका मुलीमुळे. तेव्हा इथे आश्रम होता. त्यात एक पोर होती, लिंबू म्हणायचे तिला. इतकी मठ्ठ, की काय सांगू! देवाने डोकं द्यायचं राहूनच गेलेलं." सभागृह हसलं. "त्या मुलीला मी हातचा शिकवला. तिच्या डोळ्यांत तो उजेड पडताना मी पाहिला. पुढे नोकरीत फार वाईट दिवस आले. पण म्हटलं, त्या मठ्ठ पोरीला जिने शिकवलं ती हरायची नाही." टाळ्या वाजत राहिल्या. प्राचार्यांनी रुमाल काढला. तिने टाळ्या वाजवल्या की नाही हे तिला नंतर आठवेना. एका कानाने ती ऐकत होती, माझी गोष्ट सांगताहेत, माझी, इतकी वर्षं सांगत आल्या. आणि दुसऱ्या कानाने ऐकत होती, मठ्ठ, मठ्ठ.

कार्यक्रमानंतर प्राचार्यांनी पाहुण्यांना गाडी येईपर्यंत तिच्या हवाली केलं. खोलीत दोघीच. बाईंनी बशीत चहा ओतला, निम्मा सांडला.

"तुम्ही काय शिकवता?" त्यांनी विचारलं.

"पद्धती. गणिताची."

"वा. मग तुम्हाला माझी गोष्ट आवडली असेल."

"त्या मुलीचं पुढे काय झालं, बाई?"

"कोण जाणे हो. असेल कुठेतरी कुणाकडे कामाला. पण सुखात असेल. मठ्ठ माणसं सुखात असतात, मनाला लावून घेत नाहीत."

तिने ठरवलेलं असं काही नव्हतं. ती म्हणाली, "बाई, लिंबू म्हणजे मीच."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मनापासून हसल्या. तिच्या हातावर थोपटून म्हणाल्या, "काहीतरीच! म्हातारीला बरं वाटावं म्हणून म्हणताय ना? अहो, तुम्ही प्राध्यापक. त्या पोरीला पाचातून तीन जायचे नाहीत."

इथे थांबता आलं असतं. तिला दिसत होतं की आपण ती आहोत हे पटवायचं तर एकच वाक्य आहे, आणि ते वाक्य या म्हातारीच्या आयुष्यातला खालचा दगडच काढून घेईल. शिकवायला आलेल्याला शिकवू द्यावं. हसून म्हणावं, हो, गंमत केली. मग गाडी येईल, बाई जातील, आणि संध्याकाळी आपण घरी जाऊन कुलूप उघडू आणि कुणालाच काही विचारणार नाही, आज नाही आणि पुढेही कधी नाही. हे तिला सहन होईना. स्वतःची एवढी कीव तिला कधी आली नव्हती.

"मला येत होतं, बाई," ती म्हणाली. "आम्हा सगळ्यांनाच येत होतं. रोज तोच पाठ असायचा. तुमचा खडू मोडला, तेव्हा मुकादमने मला खूण केली. म्हणून मी पंचवीस म्हटलं."

बाईंच्या हातातली बशी टेबलावर टेकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि तिच्या चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, काहीतरी शोधू लागल्या. बाई आता चिडतील, याची ती वाट पाहत होती. पण बाई म्हणाल्या, "म्हणजे तुला सगळं कळत होतं."

'तुम्ही'चं 'तू' झालेलं तिच्या लक्षात आलं. "हो."

"मग जिन्याखाली मी बोलले, ते..."

"तेही कळलं होतं."

"आई नको म्हणाली गं. म्हणाली, लग्न व्हायचंय तुझं, लोक काय म्हणतील. निरोप द्यायलाही मी आले नाही. म्हटलं, जाऊ दे, तिला काय कळतंय. मठ्ठ पोर, आठ दिवसांत विसरेल. इतकी वर्षं मी तेच..." त्यांनी बशी हाताने लांब सारली. मग एकदम म्हणाल्या, "वाट पाहिलीस?"

नाही म्हणणं सोपं होतं. ते उत्तर जिभेवर तयारच होतं, आणि समोरच्या माणसाला बरं वाटेल असं होतं.

"पाहिली," ती म्हणाली. "खूप."

बाईंनी मान खाली घातली. माफी मागितली नाही. मांडीवरच्या रुमालाची घडी घालायचा प्रयत्न करत राहिल्या, ती काही जमेना. बाहेर खुर्च्या उचलून ठेवण्याचे आवाज येत होते. तिला वाटलं, संपलं, आता या कधी माझ्याकडे बघणार नाहीत. आपण मिळवायला गेलो आणि होतं तेही घालवून बसलो.

"तू हसताना दोन्ही हात तोंडावर धरायचीस," बाई खाली बघतच म्हणाल्या. "पुढचे दात पडले होते ना तुझे. आणि झोप आली की माझी वेणी धरून बसायचीस, सोडायचीच नाहीस."

"मला आठवत नाही."

"तुला कसं आठवेल? ते बघणाऱ्यालाच दिसतं."

ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"अजून सांगा," ती म्हणाली.